भागीबाईला दिलेला शब्द

ही गोष्ट मी आजवर तिघाचौघांनाच सांगितली असेल. प्रत्येकाने आधी हसून घेतलं आणि मग काळजीने विचारलं, "तेव्हा तुझी झोप नीट होत होती ना?"

होत होती. जेवणही होत होतं. तापबिप काही नव्हता.

जे झालं ते झालं. मी मीठमसाला लावलेला नाही, उलट थोडं कमीच सांगतेय.

गेल्या वर्षीचा जानेवारी. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. सिन्नरच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक गाव लागतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

मी रोहिणी. नाशिकला कॉलेजात शिकते. आमच्या एनएसएसचं हिवाळी शिबिर त्या गावात होतं. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचं, सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी घरोघरी जाऊन लोकांशी बोलायचं. "गाव समजून घ्या," असं सर रोज सांगायचे. खरं सांगायचं तर निम्मी मुलं गुणांसाठी आली होती.

मी आले होते, कारण शिबिरात माणसं असतात.

हे जरा समजावून सांगते. मी दहावीत असताना आई गेली. वडील पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आहेत. त्यांनी दुसरं लग्न केलं. नवी आई वाईट नाही हो, पण त्या घरात माझं असं काही उरलं नाही. म्हणून नाशिकला एक खोली घेऊन राहते. संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेते, त्यावर भाडं निघतं. रविवारी शिकवणी नसते. त्या दिवशी दूधवाल्याशी जे काय बोलेन तेवढंच.

तर शिबिर.

गावाबाहेरच्या ओढ्यावर आम्ही बंधारा घालत होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची आणि एकावर एक रचून पाणी अडवायचं. संध्याकाळी चौकात पथनाट्य. विषय अंधश्रद्धा. "भूत ही फक्त मनाची भीती आहे!" हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडी होतं, आणि मी ते हात वर करून, घसा ताणून म्हणायचे.

हसा, हसा. मलाही आता हसू यायला हवं होतं.

एके दिवशी सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला काही माणसं जमली. दहावं होतं. भागीबाई नावाच्या म्हातारीचं.

मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण तिच्याबद्दल ऐकलं होतं. आमच्या भाकरी करायला गावातल्या बायका यायच्या, त्यातल्या सुलामावशी भागीबाईच्या समोरच राहायच्या. भाकरी थापता थापता त्यांनी सांगितलं होतं.

"एकटीच व्हती गं. ल्योक सिन्नरला कंपनीत. तिकडंच ऱ्हातो. म्हातारीला खायाप्यायाला काय कमी नव्हतं. पर रोज सांच्याला ओट्यावर बसून वाट बघायची. कुणीबी जाऊ दे रस्त्यानं, म्हणायची, बस की जरा. लोकांना कामं असत्यात. कोण बसंल?"

"मग कशा गेल्या?"

"झोपंत. दुपार झाली तरी दार उघडलं नाय, तवा कळलं."

एवढंच.

तर दहावं चाललं होतं. भाताचे पिंड ठेवले. सगळे मागे सरकून उभे राहिले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते… कावळा येऊन पिंडाला शिवला, की गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली नाही असं समजतात. शिवला नाही, तर घरचे हात जोडून एकेक शब्द देतात. हे करू, ते करू. ज्या शब्दाला कावळा शिवतो, ती त्या माणसाची इच्छा.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर बसलेले.

पण एकही खाली येईना.

मुलगा नवनाथ पुढे झाला. नुकतंच मुंडन केलेलं, डोळे सुजलेले. म्हणाला, "आई, वावर इकणार नाय."

कावळे जागचे हलले नाहीत.

"तुझी गाय सांभाळीन."

काही नाही.

"सप्त्यात तुझ्या नावानं पंगत घालीन. आई… ये ना."

ऊन चढायला लागलं. आम्ही सगळे हातातली घमेली खाली ठेवून बघत होतो. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा कावळा आला नाही तर शेवटी गवताचा करून शिववतात. ते बघून नवनाथ रडायलाच लागला. एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर.

मला ते बघवलं नाही.

खरंच, एवढंच कारण होतं. माझा कशावरही विश्वास नव्हता. मी काठावर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "आजी, संध्याकाळी मी येऊन बसेन तुमच्यापाशी. तुम्हाला एकटं नाही ठेवणार."

वाक्य पूर्ण झालं…

…आणि कावळा खाली उतरला.

एकच. सरळ आला, पिंडाला चोच लावली, एकदा माझ्याकडे मान वळवून पाहिलं आणि उडून गेला.

नवनाथने माझ्याकडे पाहिलं, त्यात आभार होते आणि आणखी काहीतरी होतं. ते मला फार उशिरा कळलं. सर हळूच म्हणाले, "भूक लागली असेल गं त्याला. चला, कामाला लागा."

सुलामावशी मात्र माझ्या जवळ आल्या.

"पोरी, सबूद दिलाय तू. आता पाळ."

मी पाळला. शब्द दिला म्हणून म्हणा, किंवा मला तरी संध्याकाळी दुसरं काय होतं म्हणून म्हणा. पथनाट्य संपलं की मी भागीबाईच्या घरी जायचे. नवनाथ उरलेले दिवस सिन्नरलाच घालत होता, तेरावंही तिकडेच होतं; किल्ली सुलामावशींकडे होती. गल्लीतलं शेवटचं घर, वर पत्रे. बाहेर ओटा, मग एक खोली, आणि तिच्या मागे आतली खोली. आतल्या खोलीला बाहेरून कडी घातलेली होती. म्हातारी तिथेच गेली होती.

मी बाहेरच्या खोलीत भिंतीतल्या देवळीत दिवा लावायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. पण नुसतं किती वेळ बसणार? मी बोलायला लागले. शिबिराचं, मुलींचं, बंधाऱ्याचं. जरा वेड्यासारखं वाटलं. पण छानही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आईचं सांगितलं. हे मी कोणाला सांगत नाही. पण रिकाम्या घराला काय, सांगितलं. दिवस मावळलेला, गल्लीत कोणी नाही. कुठेतरी कांद्याच्या वाफ्यावर पाण्याची मोटार चालू होती, तिचा आवाज येत होता.

"…मग पप्पांनी लग्नाच्या आदल्या दिवशी मला नवीन ड्रेस आणला…"

"हं…"

"…मी म्हटलं मला नको…"

"हं…"

"…तर ते काही बोललेच नाहीत. आणि मी…"

मी थांबले.

मोटार बंद झाली होती. कधी बंद झाली, कळलंच नाही.

इतका वेळ हुंकार कोण देत होतं?

कोणी गोष्ट सांगत असलं की ऐकणारी म्हातारी माणसं देतात ना, तसा. लक्ष देऊन. मायेने.

मी मागे वळून पाहिलं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. दिवा स्थिर जळत होता. आतल्या दाराची कडी जशीच्या तशी होती. पळून जायला हवं होतं.

पण मी काय केलं माहितीये? मी गोष्ट पूर्ण केली.

कारण ती आजवर कोणी पूर्ण ऐकलीच नव्हती.

आणि शेवटपर्यंत… आतून… "हं" येत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या मैत्रिणीला, सायलीला, सोबत नेलं. म्हटलं, बघू तिला ऐकू येतं का. सायली बराच वेळ बसली. मी बोलले, ती बोलली. काही नाही. ती कंटाळली आणि फोनला रेंज शोधत गल्लीच्या टोकाला गेली.

तिची पावलं लांब गेली…

"हं…"

या वेळी आवाज दाराच्या अगदी जवळून आला. कोणीतरी उठून जवळ येऊन बसावं तसा.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रिकाम्या घरात आवाज घुमतो, रोहिणी. आणि तू फार भावनिक आहेस." हे सर मुलं आजारी पडली की स्वतः रात्रभर जागायचे, चांगला माणूस. पण यातलं त्यांना काही कळणार नव्हतं.

शिबिराचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी.

मी दिवा लावला. ओट्यावर न बसता आत गेले, आतल्या दारासमोर बसले आणि म्हणाले, "आजी, शिबिर संपलं. मी उद्या नाशिकला जाणार. तिथून रोज नाही येता यायचं मला."

शांत.

मी वाट पाहिली.

हुंकार नाही. श्वास नाही. बाहेर कुत्री भुंकत होती, तीही गप्प झाली. इतकी शांतता की देवळीतल्या वातीचा चर्र आवाज ऐकू यावा.

मला वाईट वाटलं. मी हाक मारली. "आजी?"

मारली… पण आवाज आला नाही.

ओठ हलले. घसा हलला. आवाज निघालाच नाही.

मी पुन्हा ओरडले. "सुलामावशी!" नुसती हवा. घशाला हात लावला, दुखत नव्हतं. काही अडकलेलं नव्हतं. आवाज फक्त… नव्हता.

मी उठून धावत सुटले. गल्ली ओलांडून सुलामावशींच्या अंगणात पाय टाकला आणि माझी किंकाळी बाहेर फुटली. आख्खी गल्ली जमा झाली.

सुलामावशींनी मला पाणी पाजलं. कोणाला काही सांगू नको म्हणाल्या. मी नाशिकला आले.

वाटलं, सुटले.

पहिल्याच संध्याकाळी शिकवणीला मुलं आली. मी पाढे म्हणून घेत होते. बाहेर दिवे लागायला लागले, आणि माझा आवाज बंद झाला. मुलांना गंमत वाटली. "टीचर मुक्याचा खेळ खेळतायत!" थोड्या वेळाने, चांगलं अंधारून आल्यावर, आवाज परत आला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

रोज. बरोबर तिन्हीसांजेला.

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. म्हणाले, सगळं उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका. गोळ्या दिल्या, गुळण्या दिल्या. महिनाभरात शिकवणीची मुलं गळत गेली. आया तरी काय करणार? मुलांना शिकवणारी बाई ऐन वेळेला मुकी होते म्हटल्यावर. खोलीचं भाडं द्यायची पंचाईत झाली. पुढे मला शिक्षिका व्हायचंय, माझं सगळं पोटच या आवाजावर आहे.

शेवटी मी सिन्नरची बस पकडली.

सुलामावशी मला बघून म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं." त्यांनी नवनाथदादांना बोलावून घेतलं. ते कंपनीचे कपडे न बदलताच आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते.

सुलामावशी म्हणाल्या, "घरच्या माणसानं सबूद आपल्यावर घ्यावा लागंल. तवाच ही मोकळी व्हईल."

नवनाथदादा म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी सख्खा ल्योक हात जोडून उभा व्हतो. माझ्या एका बी सबदाला आई आली नाय. तुमच्या आली." त्यांनी समोरच्या बंद घराकडे पाहिलं. "मी वावर देत व्हतो, पंगत देत व्हतो. बसतो म्हणायचं मला सुचलंच नाय."

तेव्हा कळलं, ओढ्यावर त्यांच्या नजरेत आभारासोबत काय होतं ते.

ते अंगणात गेले. बंद घरासमोर उभे राहिले. दिवस कलला होता.

"आई, ह्या पोरीला सोड. परक्याची लेक हाय. मी येतो ऱ्हायला. रोज सांच्याला मी बसीन."

आम्ही तिघं वाट बघत उभे होतो.

अंधार पडायला लागला. मी घाबरत घाबरत म्हणाले, "आजी…"

आवाज आला! माझा स्वतःचा आवाज. मी तिथेच रडले. सुलामावशींनी माझी दृष्ट काढली आणि मला शेवटच्या जीपमध्ये बसवून दिलं.

पुढचे काही दिवस सगळं छान होतं. मी घरोघरी जाऊन पुन्हा शिकवणीची मुलं गोळा केली. नवनाथदादा खरोखरच बायकोला घेऊन गावी राहायला आले, तिथून मोटारसायकलवर कंपनीत जायला लागले. मला वाटलं, संपलं.

मग एका संध्याकाळी मुलांना कविता शिकवताना…

आवाज गेला.

त्यानंतर रोज जातोय. आजही. आता मी शिकवणी सकाळची केली आहे. मिळतील तेवढी मुलं. कोणाला कारण सांगत नाही. संध्याकाळी दार लावून खोलीत बसते. फोन आला तर उचलत नाही. तसे फार येतही नाहीत.

आणि आणखी एक. नीट सांगता येत नाही, तरी सांगते. त्या वेळात नुसता आवाज जात नाही. खोलीत मी बसलेली असते, पण मी तिथे पूर्ण नाही असं वाटतं. कोणीतरी सामान हलवून नेल्यावर घर कसं वाटतं, तसं आतून वाटतं.

मी नवनाथदादांना कळवलं नव्हतं. म्हटलं, त्यांनी एवढं केलंय, अजून किती त्रास द्यायचा.

गेल्या रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. मी दूध तापवत होते.

"ताई, बऱ्या हायेत ना?"

"बरी आहे दादा. तुम्ही बसता ना रोज?"

"एक दिस चुकवला नाय. ओट्यावर बसतो. आईशी बोलतो. पर ती मला हुंकार देत नाय."

मी गॅस बंद केला.

"म्हणजे… काहीच ऐकू येत नाही?"

"येतं. रोज येतं. दिवा लावला की आतल्या खोलीतून बोलणं येतं, ताई. दोघींचं."

"दोघींचं?"

"एक आई हाय. तिचा आवाज मी कसा इसरंन?"

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "आणि दुसरी?"

त्यांनी आवाज खाली आणला.

"तुमी हायेत ताई. मी आदी मनावर घेतलं नाय. मग बायकोला बसवलं. तिनं तुमाला दहाव्याला वढ्यावर बोलताना ऐकलं व्हतं. ती बी म्हणली, रोहिणीताईच हायेत."

मी भिंतीला टेकून खाली बसले. सकाळची वेळ होती, आवाज शाबूत होता, पण तो वापरायची भीती वाटत होती.

"दादा… काय बोलते मी?"

"सबूद नाय उमगत. दाराआडून येतं ना. पर ताई… तुमी लय हसता."

मी शेवटची कधी हसले, ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्या खोलीत मी असं काय सांगत असेन, की हसू आवरत नाही?

नवनाथदादा म्हणाले, "तुमी सांगत असाल तर आज सांच्याला कडी काढतो. आत शिरून बघतो काय हाय ते."

मी पटकन म्हणाले, "नको."

इतक्या जोरात म्हणाले, की ते दचकले. पुन्हा म्हणाले, "नको दादा. असू दे."

फोन ठेवल्यापासून मी विचार करतेय, मी नको का म्हणाले. त्यांनी दार उघडलं असतं तर कदाचित मी सुटले असते. माझा आवाज मला मिळाला असता.

पण दार उघडल्यावर आत कोणीच नसेल, या विचाराची मला जास्त भीती वाटली.